स्त्रीवेष, प्रवास आणि प्रेक्षकांची संमती : कोल्हटकरांच्या वऱ्हाडातून दिसणारा एक प्रश्न

मराठी संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नटाचा विचार आजवर बहुधा दोनच अंगांनी झालेला आहे. एक अंग गौरवाचे : त्याचे गायन, त्याचे रूप, त्याच्या लुगड्यांच्या व दागिन्यांच्या आख्यायिका. दुसरे अंग समर्थनाचे : कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नव्हत्या, म्हणून पुरुषांनी ती कामे केली, असे एका वाक्यात सांगून पुढे जाण्याचे. या दोन्हींत एक साधी वस्तुस्थिती निसटते. हा नट फिरता होता. तो आज पुण्यात, तर महिन्याने अकोल्यात, पुढल्या पंधरवड्यात खामगावात असे. आणि प्रत्येक मुक्कामी अनोळखी प्रेक्षकांपुढे स्त्री म्हणून उभे राहण्याची परीक्षा त्याला नव्याने द्यावी लागे. त्या परीक्षेत लोक हसले का, आणि हसले असल्यास कशाला हसले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने गौण मानण्याचे कारण नाही.

हा प्रश्न ज्या कृतीमुळे ठळकपणे समोर येतो ती मात्र फार दूरची आहे. १९९४ साली स्टीफन एलियट या दिग्दर्शकाचा ‘प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’ हा ऑस्ट्रेलियन विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. स्त्रीवेष घेऊन नाचगाण्याचे कार्यक्रम करणारे दोन पुरुष आणि त्यांच्यासमवेत पुरुष म्हणून जन्मलेली परंतु स्त्री म्हणून जगणारी एक वयस्क कलावती, असे तिघे एका जुन्या बसमधून सिडनीहून वाळवंटातील ॲलिस स्प्रिंग्ज या गावी खेळ करण्यास निघतात, एवढेच त्याचे कथानक. वाटेत एका खाणींच्या गावी बसवर शिव्या रंगविल्या जातात, दुसऱ्या गावी मारहाणीचा प्रसंग येतो, तर कोठे अनपेक्षित आदरातिथ्यही होते. त्या चित्रपटाच्या वेषभूषेला ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि चर्चाही मुख्यत्वे वेषाचीच झाली. वस्तुतः त्यातील मर्म प्रवासात आहे. एका गावाने मान्य केलेला वेष दुसऱ्या गावी मान्य होईलच असे नाही. संमती प्रत्येक मुक्कामी नव्याने मिळवावी लागते, आणि ती मिळते की नाकारली जाते या अनिश्चिततेतूनच तेथील हास्य आणि तेथील भीती ही दोन्ही उत्पन्न होतात.

वेष, प्रवास आणि हास्य ही तिन्ही महाराष्ट्रातही एकत्र नांदत होती, आणि ती या चित्रपटापूर्वी शंभर वर्षे. परंतु त्यांची जुळणी निराळी होती. ती कशी होती हे पाहण्यास बुलढाणा जिल्हा हे सोयीचे ठिकाण आहे. तेथे दौऱ्याची वाट आहे, आणि त्या वाटेवर राहून स्त्रीपार्टी नटांसाठी नाटके लिहिणारा, शिवाय मराठी विनोदाचा जनक म्हणून ओळखला जाणारा एक लेखकही आहे.

प्रथम वाट. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग तेथील लोक आजही ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशा शब्दांनी ओळखतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन, कापूस आणि आगगाडी. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर ही थंड हवेची परंतु रूळांपासून दूर असलेली गावे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही ठिकाणे मुंबईशी जोडली गेली. जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा लहानसा रस्ता १८७० साली कापसासाठी मुद्दाम बांधण्यात आला. त्याच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव आणि जळगाव हे तालुके त्या काळी अकोला जिल्ह्यात मोडत. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्यास जोडले गेले. म्हणजे ज्या घाटाखालच्या पट्ट्यामुळे हा जिल्हा नाटक मंडळ्यांच्या नकाशावर आला, त्यातील महत्त्वाचा भाग बुलढाण्याचा झाला तो विसाव्या शतकातच.

कापसाचा हंगाम उलगडला की घाटाखालच्या बाजारपेठांत रोख पैसा खेळू लागे, आणि त्या पैशाची वार्ता मुंबई-पुण्याच्या मंडळ्यांना असे. ‘वऱ्हाडचा दौरा’ हा शब्दप्रयोग मंडळ्यांच्या हिशेबात भरघोस उत्पन्नाचा निदर्शक होता. मंडळीचे बिऱ्हाड निघे ते एखाद्या लहान गावासारखे : पडद्यांची भेंडोळी, रंगपटाच्या पेट्या, वाद्ये, आचारी, गडी, नट, नटांची मुले. खामगावपर्यंत हे सर्व रूळांवरून जाई. जिल्ह्याच्या मुख्य गावी जावयाचे तर मलकापुरास उतरून बैलगाड्यांनी सुमारे अठ्ठावीस मैल आणि राजूरचा घाट चढावा लागे. सामान बंड्यांतून, माणसे दमण्यांतून. या गाड्यांत सुभद्रेचा शालू आणि सुभद्रेचे काम करणारा गृहस्थ ही दोन्ही असत. मात्र गृहस्थ धोतर, कोट आणि टोपीत असे. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण ऑस्ट्रेलियन बसशी तुलना करताना तोच निर्णायक ठरतो. त्या बसमधील मंडळी वाटेतही वेष उतरवीत नाहीत, आणि म्हणूनच वाट त्यांना धोक्याची होते. मराठी स्त्रीपार्टी नटाचा वेष रंगपटात सुरू होऊन रंगपटातच संपे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून स्त्रीभूमिका मुलांकडे आणि तरुणांकडे असत. दशावतार, ललित आणि शिमग्याची सोंगे यांतून ही रीत लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. विराटाच्या घरी बृहन्नडा झालेला अर्जुन तर सर्वांनाच ठाऊक होता. परंतु किर्लोस्कर मंडळीने १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले तेव्हा या सोंगाला एक नवी प्रतिष्ठा प्राप्त झाली. भाऊराव कोल्हटकर यांच्या सुभद्रेने ती प्रस्थापित केली. पुढे १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायणराव राजहंस, अर्थात बालगंधर्व, यांनी ती शिखरास नेली, केशवराव भोसले यांनी बालवयात ‘शारदे’च्या भूमिकेने नाव मिळविले, मास्टर दीनानाथांची ‘भावबंधना’तील लतिका ही त्यानंतरची. प्रेक्षकांतील स्त्रिया बालगंधर्वांच्या लुगडे नेसण्याच्या व केशरचनेच्या तऱ्हा उचलीत, हे सर्वश्रुत आहे. थट्टेचा विषय असलेल्या माणसाचे अनुकरण कोणी करीत नाही.

येथे ‘सौभद्रा’चा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या नाटकात हास्य भरपूर आहे, आणि त्याचे मोठे उगमस्थान वेषांतर हेच आहे : अर्जुन यतीच्या वेषात येतो, सर्वजण त्याच्या पाया पडतात, आणि खरे काय ते कृष्णाला व प्रेक्षकांना तेवढे ठाऊक असते. सुभद्राही त्या वेषाला फसते. आता भाऊराव कोल्हटकर सुभद्रेच्या भूमिकेत असताना रंगमंचावर नेमके काय चालले होते? स्त्रीचा वेष घेतलेला पुरुष, संन्याशाचा वेष घेतलेल्या पुरुषाला ओळखू शकत नाही, आणि प्रेक्षक दुसऱ्या वेषाला हसतात, पहिल्याला नाही. पहिला वेष त्यांना दिसतच नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल. दुसऱ्या वेषाचा विनोद उभा राहतो तो पहिल्या वेषाच्या विस्मरणावर. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त (१९१६) तर संपूर्ण प्रहसनाचा डोलारा रेवती आणि कृत्तिका यांच्याविषयीच्या आणि त्यांच्या मनातील संशयावर आहे. मोलिएरच्या मूळ कल्पनेवरून इंग्रजीमार्गे आलेले हे कथानक गंधर्व मंडळीने केले तेव्हा बालगंधर्व रेवती होते. हे बायकोचे संशय, हा मत्सर, हे भांडण पुरुषच करीत आहेत, यावर हसावे असे कोणाला सुचले नाही. हसू होते ते फाल्गुनरावाला.

या संमतीचा सर्वांत साहसी उपयोग ज्याने केला तो लेखक म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, २९ जून १८७१ रोजी. कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्यांनी वऱ्हाडात वकिली केली आणि खामगाव व जळगाव (जामोद) ही त्यांची दीर्घकालीन कर्मभूमी झाली. आज त्यांचे नाव महाराष्ट्रगीतामुळे आणि ‘सुदाम्याचे पोहे’ (१९१०) या विनोदी लेखसंग्रहामुळे घेतले जाते. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत, हेही सांगितले जाते. त्यांच्या नाटकांचा उल्लेख मात्र टीकाकार काहीशा संकोचाने करतात. ‘वीरतनय’ (१८९६), ‘मूकनायक’ (१९०१), ‘गुप्तमंजूष’ (१९०३) आणि त्यांच्या पुढील नाटकांवर एक आक्षेप ठरलेला आहे : वेषांतरे फार, रहस्ये फार, ओळख पटण्याचे प्रसंग अशक्य कोटीतील. डोळ्यांदेखत वावरणारी व्यक्ती केवळ सोंग घेतल्याने इतरांना ओळखू येऊ नये, हे कसे मानावे?

आक्षेप वाचकाच्या दृष्टीने खरा आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो तितकासा खरा नाही, आणि हा भेद पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. ‘मूकनायका’त विक्रांत हा राजपुत्र मुक्याचे सोंग घेऊन वावरतो. त्याचे प्रेम जिच्यावर बसते ती सरोजिनी, आणि ही भूमिका करणाऱ्यांत पुढे स्वतः बालगंधर्व होते. ज्या प्रेक्षकाने पडदा वर जाताच एका मराठी तरुणाला राजकन्या म्हणून बिनतक्रार पत्करले, त्याने एका राजपुत्राला मुका म्हणून पत्करण्यास कां कू करावी, हे तर्काला धरून होत नाही. कोल्हटकरांचे रचनातंत्र पुस्तकातील मजकुराच्या नव्हे, तर रंगमंचावरील या पूर्वसंमतीच्या आधारावर उभे आहे. वेष धारण केला की माणूस बदलतो, हा त्या रंगभूमीचा मूलभूत करार होता. कोल्हटकरांनी तो करार नाटकाच्या चौकटीतून काढून कथानकात आणला, एवढेच. मोलिएर आणि शेक्सपिअर यांच्या अभ्यासाचा वाटा त्यात आहेच. शेक्सपिअरच्या रंगभूमीवरही स्त्रिया नव्हत्या आणि त्याच्या सुखात्मिकांतही वेषांतरांची रेलचेल आहे, ही गोष्ट येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही.

कोल्हटकरांच्या विनोदाचे दुसरे अंगही यास पुष्टी देते. ‘सुदाम्याच्या पोह्यां’त सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी रूढीची, कर्मकांडाची, भाबड्या शास्त्रार्थाची मनसोक्त टिंगल करते. म्हणजे लेखक हास्याच्या बाबतीत भिडस्त मुळीच नव्हता. नाट्यव्यवसायाचे अंतरंगही त्याला पूर्ण परिचयाचे होते. असा लेखक नटांच्या स्त्रीवेषात विनोदाला जागा शोधीत नाही, उलट आपल्या नायिका निःशंकपणे त्यांच्या हाती सोपवितो, यावरून त्या वेषाभोवतीचे गांभीर्य किती दृढ होते याची कल्पना येते.

ही संमती सर्वांना सारखी मिळत होती असे मात्र नाही. त्याच विदर्भात खडी गंमत होती, तिच्यात नाचणारा पोऱ्या होता. पश्चिम महाराष्ट्रातील तमाशात नाच्या होता. त्यांचाही वेष स्त्रीचा किंवा स्त्रीसदृश, त्यांचाही पेशा फिरता. वाहन बैलगाडीचे किंवा पायांचे. परंतु तेथे प्रेक्षक वेष विसरत नसे. वेष आणि त्याखालचा पुरुष ही दोन्ही एकाच वेळी दिसावीत यातच तेथील रंजन होते, आणि हास्य थेट वेषधाऱ्यावर उतरे. संगीत नाटकाचा नट गावातून जाताना ‘नारायणराव’ म्हणून नमस्कार घेई; नाच्याला मात्र बोर्डावरून उतरल्यावरही ‘नाच्या’च म्हणत. दोघांची कला एका कुळातील असता एकाला पदके व दुसऱ्याला टोमणे मिळावेत, यात जातीचा, शिक्षणाचा आणि तिकिटाच्या दराचा भाग किती होता हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. नाट्येतिहासकारांनी पहिल्यावर ग्रंथ लिहिले आणि दुसऱ्याला तळटीपेत ठेवले. संगीत रंगभूमीचे गांभीर्य हे अंशतः या वाटणीवर पोसलेले होते, ही गोष्ट गौरवग्रंथांत सापडत नाही.

करार मोडला तो हळूहळू, आणि त्याला मोठे कारण झाला कॅमेरा. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त (१९१३) तारामती झाले अण्णा साळुंके, ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे, भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही म्हणून. चार वर्षांनी ‘लंकादहना’त साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. मूकपटात आवाज नसतो, परंतु चेहरा जवळून दिसतो. गाण्याच्या आधाराने जे विस्मरण नाट्यगृहात घडे त्याला येथे आधार उरत नाही. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुरा’त (१९१३) दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई आल्या होत्या. पुढे १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आणि त्यातील दुर्गा खोटे यांची तारामती. १९३३ साली नाट्यमन्वंतरचे ‘आंधळ्यांची शाळा’ आणि त्यातील ज्योत्स्ना भोळे. या दोन वर्षांत बोलपट आणि रंगभूमी या दोन्ही ठिकाणी निकाल लागल्यासारखा झाला. स्त्रीपार्टी नटांपैकी काहींनी वाट बदलली. विष्णुपंत पागनीस १९३६ च्या ‘संत तुकारामा’त तुकोबा झाले आणि त्यांच्या पूर्वायुष्यातील स्त्रीभूमिका लोक विसरून गेले. बालगंधर्वांनी ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथांचे काम केले; नंतर ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) ते पडद्यावर पुन्हा स्त्रीवेषात आले. रंगमंचावर ज्या रूपाने पिढी वेडावली तेच रूप पडद्यावर ठरले नाही.

यानंतर मराठीत स्त्रीवेषधारी पुरुष पुन्हा लोकप्रिय झाला तो विनोदी पात्र म्हणूनच. ब्रँडन थॉमसच्या १८९२ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून आचार्य अत्र्यांनी केलेले ‘मोरूची मावशी’ हे नाटक १९८० नंतरच्या दशकात विजय चव्हाण यांनी गाजविले. १९८८ साली सचिन यांच्या ‘अशी ही बनवाबनवी’ने तर मराठी चित्रपटाचा विनोदी मानदंडच प्रस्थापित केला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाचा कथातंतू तेथे पुण्यात आणला आहे : बिऱ्हाड मिळावे म्हणून चौघा मित्रांपैकी दोघे बायका होतात. सचिन यांची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती यांच्यावर प्रेक्षक हसतो तो प्रत्येक क्षणी त्यांच्या आतला पुरुष आठवूनच. पदर ढळतो, आवाज घसरतो, टोप सरकण्याची भीती असते. म्हणजे ‘सौभद्रा’च्या प्रेक्षकाने ज्याचे विस्मरण केले, त्याचेच स्मरण येथे हास्याचे कारण आहे. विस्मरणाच्या जागी स्मरण आले आणि तोच वेष गंभीराचा विनोदी झाला. या चित्रपटात प्रवासही जवळजवळ नाही. शोध निवाऱ्याचा आहे, आणि वेष हे भाड्याच्या खोलीचे साधन आहे. त्यामुळे येथील वेषधाऱ्याला गावोगावच्या संमतीची चिंता पडत नाही. उघडे पडण्याची तेवढी पडते.

हा चित्रपट निर्मळ मनाने केलेला आहे आणि त्याची लोकप्रियता रास्त आहे. तथापि त्याला स्त्रीपार्टी परंपरेचा वारस मानण्याची जी प्रथा पडू पाहत आहे ती तपासून घ्यावी लागेल. तो वारस असलाच तर गंमतीचा आणि शिमग्याच्या सोंगाचा आहे, किर्लोस्कर-गंधर्वांचा नव्हे. तद्वत् ऑस्ट्रेलियन चित्रपटातील कलावंतांना बालगंधर्वांचे समानधर्मी म्हणणेही घाईचे होईल. त्या तिघांपैकी एकीचे स्त्रीत्व हे तिचे आयुष्य आहे. मराठी नटांचे स्त्रीत्व हा, निदान त्यांच्या आणि समाजाच्या उघड समजुतीप्रमाणे, व्यवसाय होता. आजची ओळखीची परिभाषा मागील काळावर लादल्याने त्या काळाचे आकलन वाढत नाही. उलट त्या परिभाषेचा संपूर्ण त्याग केल्यास नाच्याचे दुःख वर्णनाबाहेर राहते.

दोन निराळ्या वारशांची ही जाणीव मराठी चित्रपटाला अलीकडे झालेली दिसते. रवी जाधव यांनी लागोपाठ दोन चित्रपट केले. आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ (२०१०) हा नाच्या होणाऱ्या पहिलवानाचा. फडाच्या फिरतीवर त्याला जे सोसावे लागते ते पाहताना ॲलिस स्प्रिंग्जच्या वाटेवरील गावांची आठवण होते. दुसरा ‘बालगंधर्व’ (२०११), सुबोध भावे यांच्या भूमिकेचा; त्यातील फिरतीला मेजवान्या आणि कर्ज यांची सोबत आहे, अपमानाची फारशी नाही. एकाच दिग्दर्शकाने सलग दोन वर्षांत केलेले हे चित्रपट एकत्र पाहिले म्हणजे जुन्या वाटणीची रेषा स्पष्ट होते.

कोल्हटकरांचे निधन १ जून १९३४ रोजी झाले. ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर येऊन तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या नाटकांची मागणी त्याआधीच ओसरू लागली होती आणि पुढे ती जवळजवळ थांबली. याचे खापर भाषेच्या अवघडपणावर आणि कथानकाच्या कृत्रिमतेवर फोडले जाते. परंतु ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही नाटके स्त्रिया स्त्रीभूमिका करू लागल्यावरही टिकली. कारण त्यांतील वेषांतर वा गैरसमज एकेकटा, हलका आणि गाण्यांच्या आधाराने तरणारा आहे. ‘मूकनायक’ आणि ‘गुप्तमंजूष’ यांत मात्र एका सोंगावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे अशी रचना आहे, आणि ती पेलणारे सर्वांत खालचे सोंग म्हणजे लुगडे नेसलेला नट. तो नट निघून गेल्यावर वरचे मजले अधांतरी राहिले.

कोल्हटकरांच्या नाटकांची पुनर्तपासणी करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच संहितेबरोबर पात्रवाटपही समोर ठेवावयास हवे : कोणत्या प्रयोगात सरोजिनी कोण, नंदिनी कोण, आणि विक्रांताचे मौन ऐकणारा माणूस रंगपटातून बाहेर पडल्यावर कोणती टोपी घालून जलंबच्या गाडीत बसला.